इंजिनातील गाळ आणि रासायनिक फ्लशिंग : गरज किती, धोका किती?

मोटारगाडी सर्व्हिसिंगला दिली की ऑइल, ऑइल फिल्टर आणि मजुरी यांच्या जोडीला ‘इंजिन फ्लश’ अशी आणखी एक ओळ जॉबकार्डावर अलीकडे वारंवार दिसू लागली आहे. जुने ऑइल काढण्यापूर्वी एका लहान बाटलीतले रसायन त्यात मिसळायचे, इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवरच चालू ठेवायचे आणि मग ते सगळे मिश्रण खाली सोडून नवे ऑइल भरायचे, अशी ही प्रक्रिया आहे. तिच्यामुळे आतला साचलेला गाळ धुऊन निघतो आणि इंजिनाचे आयुष्य वाढते, असे वाहनमालकाला सांगितले जाते. हा दावा पूर्णपणे खोटा नाही आणि सर्वांना लागू पडावा इतका खराही नाही. इंजिनात घाण कोणत्या प्रकारची आहे, ती किती आहे आणि मुळात ती कशामुळे साचली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर फ्लशिंगचा लाभ किंवा तोटा ठरतो. ही उत्तरे न शोधता प्रत्येक सर्व्हिसिंगला बाटली ओतणे म्हणजे निदानाआधीच औषध देणे होय, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा पैशात, तर काही वेळा इंजिनातच मोजावी लागते.

गाळ तयार होतो कसा?

पेट्रोल किंवा डिझेल जळून तयार झालेले बहुतेक वायू एक्झॉस्टमधून बाहेर पडतात. परंतु पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधल्या अतिसूक्ष्म फटीतून त्यांचा थोडा अंश खाली, जिथे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीत उतरतो. या वायूला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. त्यात न जळलेले इंधन, काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे लक्षात घेतले की या वाफेचा अल्पसा भागही ऑइलमध्ये उतरला तर काय होईल, याची कल्पना येते. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर हे पाणी आणि इंधन ऑइलमधून पुन्हा वाफ होऊन निघून जाते आणि पीसीव्ही नावाची झडप ते वायू इंजिनाच्या हवेच्या मार्गात परत ओढून जाळून टाकते. इंजिन तापलेच नाही किंवा ही झडप तुंबली, तर मात्र पाणी, इंधन, आम्ले आणि काजळी ऑइलमध्येच राहतात आणि त्यांच्या संयोगातून काळा, चिकट, ग्रीससारखा पदार्थ तयार होतो. यालाच ‘स्लज’ म्हणतात.

दुसरी प्रक्रिया उष्णतेची आहे. ऑइलचा हवेतील ऑक्सिजनशी सतत संयोग होत असतो आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की या संयोगाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा स्थूल नियम रसायनशास्त्रात मानला जातो. ऑक्सिजनशी संयोग पावलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन जड होतात, ऑइल दाट होते आणि धातूच्या पृष्ठभागावर पिवळसर-तपकिरी, कठीण, चकचकीत थर बसू लागतो. हा थर म्हणजे ‘व्हार्निश’. पिस्टनच्या रिंगांच्या खाचांमध्ये तापमान २०० अंशांच्याही वर जाते आणि टर्बोचार्जरच्या बेअरिंगजवळ, गरम इंजिन अचानक बंद केल्यावर, ऑइल जागच्या जागी करपते. तिथे जो टणक काळा थर तयार होतो तो ‘कोक’, म्हणजे मुख्यतः कार्बन असतो.

मऊ स्लज, कठीण व्हार्निश आणि टणक कोक हे तीन पदार्थ वेगवेगळे आहेत आणि एकाच रसायनाला ते सारखा प्रतिसाद देत नाहीत. द्रावक रसायनाने मऊ स्लज सैल होतो, व्हार्निशचा ताजा थर काही प्रमाणात विरघळतो, परंतु रिंगांच्या खाचांत पक्का बसलेला कोक दहा मिनिटांच्या फ्लशिंगने फारसा हलत नाही. ऑइल जाळणाऱ्या, म्हणजे धुरासोबत ऑइल संपवणाऱ्या गाडीच्या मालकाला फ्लशिंगने रिंगा मोकळ्या होतील असे आश्वासन दिले जाते, तेव्हा हा फरक बहुधा सांगितला जात नाही.

ऑइल स्वतःच सफाई करत असते

आधुनिक इंजिन ऑइलमध्ये मूळ तेलाव्यतिरिक्त अनेक पूरक रसायने मिसळलेली असतात. त्यांपैकी ‘डिटर्जंट’ म्हणून ओळखली जाणारी कॅल्शियम व मॅग्नेशियमची संयुगे आम्लांना निष्प्रभ करतात आणि गरम धातूवर थर बसू देत नाहीत. ‘डिस्पर्संट’ नावाची दुसरी रसायने काजळीच्या व घाणीच्या अतिसूक्ष्म कणांना वेढून एकमेकांपासून दूर, ऑइलमध्ये तरंगत ठेवतात, म्हणजे ते कण एकत्र येऊन गाळ बनत नाहीत आणि ऑइल बदलताना त्याच्याबरोबर बाहेर पडतात. झिंक आणि फॉस्फरस असलेले एक तिसरे संयुग एकमेकांवर घासणाऱ्या भागांवर अतिशय पातळ संरक्षक पटल तयार करते.

अशी रसायने पूर्वी ऑइलमध्ये नव्हती. ती सर्वप्रथम १९३० च्या दशकात व्यापक वापरात येऊ लागली आणि त्यामागचे एक मोठे कारण अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीची डिझेल इंजिने होती, कारण त्या इंजिनांत पिस्टनच्या रिंगा गाळाने चिकटून बसत आणि साध्या तेलाने त्यावर काही उपाय होत नसे. ऑइल बदलताना हलके ‘फ्लशिंग ऑइल’ फिरवून इंजिन धुण्याची चाल याच डिटर्जंटविरहित तेलांच्या काळातली आहे. तेव्हाचे ऑइल घाण धरून ठेवू शकत नसल्यामुळे ती सम्पच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरच्या, तळाशी बसत असे आणि वेगळे धुणे गरजेचे होते. आजचे ऑइल तेच काम गाडी चालू असताना प्रत्येक किलोमीटरला करत असते. म्हणून वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात फ्लशिंगला धुण्यासारखे फारसे काही उरत नाही.

ऑइलची ही क्षमता केवळ जाहिरातीवर सोडलेली नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, ही संस्था ऑइलला एसएन, एसपी अशा श्रेणी देते आणि त्या मिळवण्यासाठी ऑइलला प्रत्यक्ष इंजिनावर चाचण्या द्याव्या लागतात. त्यांतल्या गाळविषयक चाचणीत फोर्ड कंपनीचे ४.६ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, शहरातल्या थांबत-थांबत चालण्यासारख्या कमी-अधिक तापमानाच्या चक्रांतून, २१६ तास चालवले जाते आणि नंतर ते उघडून प्रत्येक भागाच्या स्वच्छतेला १० पैकी गुण दिले जातात. पूर्ण स्वच्छ भागाला १० गुण मिळतात. एपीआयच्या या श्रेणींमध्ये फ्लशिंगच्या रसायनांसाठी मात्र एकही श्रेणी नाही, त्यामुळे दोन बाटल्यांची तुलना करण्याचे असे कोणतेही माप सामान्य ग्राहकाच्या हाती येत नाही.

ऑइलचा काळा रंग याबाबत मोठा गैरसमज निर्माण करतो. डिस्पर्संट काजळीला तरंगत ठेवत असल्यामुळे ऑइल काळे होते. डिझेल गाडीत तर नवे ऑइल काही शे किलोमीटरांतच काळेभोर दिसू लागते. काळे ऑइल हे ऑइल आपले काम करत असल्याचे चिन्ह असू शकते. फ्लशिंगनंतर बाहेर पडलेले काळे ऑइल ग्राहकाला दाखवून ‘पाहा, किती घाण निघाली’ असे म्हटले जाते, परंतु फ्लशिंग न करताही ते ऑइल तितकेच काळे निघाले असते. फ्लशिंगने काही साधले की नाही, हे टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या बाजूचे झाकण, उघडून आधीची आणि नंतरची स्थिती पाहिल्याशिवाय कळत नाही.

बाटलीतले रसायन आणि त्याची दहा मिनिटे

बाजारातील फ्लशिंगची रसायने साधारणपणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात केरोसीनच्या जातीचे हलके पेट्रोलियम द्रावक मुख्य असून त्यांच्या जोडीला थोडे डिटर्जंट असते. दुसऱ्या प्रकारात डिटर्जंट आणि डिस्पर्संट यांचे प्रमाण जास्त आणि द्रावक कमी असते. पहिला प्रकार जलद काम करतो आणि ऑइल जास्त पातळ करतो. दुसरा तुलनेने सौम्य व सावकाश असतो. याशिवाय यंत्राच्या साहाय्याने बाहेरून दाबाने द्रावण फिरवण्याची पद्धतही काही ठिकाणी वापरली जाते.

पातळपणाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण इंजिनातले बेअरिंग आणि त्यात फिरणारा शाफ्ट यांना एकमेकांपासून दूर ठेवणारी गोष्ट म्हणजे ऑइलचे पटल. मानवी केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, तर भाराखालच्या बेअरिंगमध्ये हे पटल काही ठिकाणी केवळ एक-दोन मायक्रॉन जाडीचे असते. ऑइलची जाडी, म्हणजे त्याचा दाटपणा, डब्यावरच्या आकड्यांवरून कळते: ५डब्ल्यू-३० या ऑइलमधील ३० हा आकडा १०० अंश तापमानाला त्याची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) या पट्ट्यात असल्याचे सांगतो. अशा ऑइलमध्ये डिझेलसारखा हलका द्रावक १० टक्के मिसळला, तर मिश्रणाची जाडी साधारण चतुर्थांशाने घटून ते ३० च्या गटातून २० च्या गटात उतरते. साडेतीन लिटर ऑइलमध्ये ३०० मिलिलिटरची बाटली ओतली की प्रमाण त्याच्या आसपास जाते. भार नसताना, इंजिन जागेवर मंद गतीने दहा मिनिटे चालवण्यापुरती ही घट चांगल्या स्थितीतले इंजिन सोसते आणि म्हणूनच बाटलीवर इंजिन जागेवरच चालवण्याची, गाडी न हाकण्याची सूचना असते. ती सूचना धाब्यावर बसवून, रसायन घातलेल्या अवस्थेत गाडी फेरफटका मारून आणणे किंवा इंजिन जोरात रेस करणे, म्हणजे बेअरिंगे आणि टर्बो यांना थेट धोक्यात घालणे होय.

या रसायनांच्या मुळाशी एक अंतर्विरोध आहे आणि संपूर्ण वादाचा निकाल बऱ्याच अंशी त्यातच दडलेला आहे. कित्येक वर्षांत साचलेला गाळ दहा मिनिटांत काढायचा तर रसायन तीव्र हवे. पण रसायन तितके तीव्र असेल तर गाळ हळूहळू विरघळण्याऐवजी तुकड्यांनी सुटण्याची भीती असते. रसायन सौम्य असेल तर ही भीती कमी होते, मात्र दहा मिनिटांत त्याच्या हातून होणारे कामही थोडेच असते. ज्या इंजिनात धोका नसतो तिथे लाभही नगण्य आणि जिथे लाभाची आशा सर्वांत मोठी तिथेच धोका सर्वांत मोठा, अशी ही स्थिती आहे.

सुटलेला गाळ कुठे जातो?

ऑइल पंप चेंबरमधले ऑइल एका जाळीतून ओढून घेतो, ते फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि मग ते अरुंद वाहिन्यांतून बेअरिंगे, कॅमशाफ्ट, टर्बो यांच्यापर्यंत पोहोचते. फ्लशिंगने सुटलेले गाळाचे तुकडे आधी चेंबरमध्ये येतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब कोसळतो, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर काही मिनिटांत बेअरिंगे घासून निकामी होतात. जाळीतून निसटलेले बारीक कण फिल्टरमध्ये अडकतात. परंतु फिल्टर पूर्ण भरला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून त्यात, किंवा काही इंजिनांत त्याच्या बैठकीत, एक बायपास झडप बसवलेली असते आणि ती उघडली की न गाळलेले ऑइल थेट पुढे जाते. अशा वेळी गाळ नेमका त्याच जागी पोहोचतो जिथे तो पोहोचू नये.

नव्या इंजिनांत तर अशा नाजूक जागा अधिक आहेत. झडपांच्या उघडझापीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या वाहिन्यांत बारीक जाळ्या असतात, टायमिंग चेनचा ताण ऑइलच्या दाबावर टिकतो आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेत असताना त्याच्या बेअरिंगला ऑइलचा अखंड पुरवठा लागतो. काही इंजिनांमध्ये, उदाहरणार्थ फोर्डच्या एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनात, टायमिंगचा रबरी पट्टा ऑइलमध्येच फिरतो. अशा पट्ट्याला ऑइलमधील इंधन व द्रावक यांचा त्रास होतो आणि त्याचे झिजलेले कण जाळी तुंबवतात. अशा इंजिनात कंपनीने मान्य न केलेले कोणतेही रसायन घालणे शहाणपणाचे नाही.

शिवाय ऑइल सोडताना ते सगळे कधीच बाहेर पडत नाही. वाहिन्यांत, ऑइल कूलरमध्ये आणि कानाकोपऱ्यांत थोडे जुने ऑइल राहतेच आणि त्याच्यासोबत फ्लशचे रसायनही राहते. त्यातला हलका भाग इंजिन तापल्यावर उडून जातो; जड भाग मात्र नव्या ऑइलच्या मोजूनमापून ठरवलेल्या रासायनिक समतोलात मिसळतो.

काही गॅरेजांत बाटलीऐवजी डिझेल किंवा केरोसीन ओतून इंजिन धुण्याची जुनी पद्धत अजूनही चालते. तिचे समर्थन करता येत नाही. ४० अंश तापमानाला डिझेलची जाडी दोन ते साडेचार सेंटिस्टोक असते, तर त्याच तापमानाला साध्या इंजिन ऑइलची जाडी त्याच्या दहापट आणि अधिक असते. चेंबरमध्ये निम्मे डिझेल भरून इंजिन चालवले तर बेअरिंगमधले पटल टिकेलच याची हमी नसते. शिवाय डिझेलमध्ये सुटलेला गाळ धरून ठेवणारे डिस्पर्संट नसल्यामुळे तो गाळ दुसरीकडे जाऊन बसतो.

अमेरिकेतील दोन प्रकरणांचा धडा

इंजिनातील गाळाची सर्वांत गाजलेली उदाहरणे अमेरिकेतील आहेत. १९९७ ते २००२ या काळातल्या टोयोटा आणि लेक्सस गाड्यांच्या काही चार आणि सहा सिलिंडरच्या इंजिनांत ऑइल घट्ट होऊन गाळ साचत असल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३३ लाख वाहनमालकांना पत्रे पाठवून विशेष दुरुस्ती योजना जाहीर केली. ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे असे घडते, अशी कंपनीची भूमिका होती, तर वायूंच्या निचऱ्याच्या व्यवस्थेत आणि सिलिंडर हेडच्या तापमानात दोष आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. ग्राहकांनी दाखल केलेला सामूहिक दावा २००७ मध्ये तडजोडीने मिटला आणि गाडीच्या पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत गाळामुळे झालेल्या बिघाडाची भरपाई मान्य झाली.

फोक्सवॅगनच्या पसाट गाडीतील १.८ लिटरच्या टर्बो इंजिनाबाबत असेच घडले. टर्बोची उष्णता, ऑइलचे तुलनेने कमी प्रमाण, लहान फिल्टर आणि पुरेशा दर्जाचे सिंथेटिक ऑइल न वापरणे या कारणांच्या एकत्र परिणामाने गाळ साचत होता. कंपनीने २००४ मध्ये १९९८ ते २००४ च्या गाड्यांसाठी या बिघाडाची हमी आठ वर्षांपर्यंत वाढवली, ठरावीक मानकाच्या सिंथेटिक ऑइलचा आग्रह धरला आणि मोठा फिल्टर वापरात आणला.

दोन्ही प्रकरणांचा धडा एकच आहे. गाळाचे मूळ ऑइलचा दर्जा, ऑइल बदलण्यातले अंतर, उष्णता आणि वायूंचा निचरा यांत होते आणि टिकाऊ उपायही तिथेच करावा लागला. मूळ कारण कायम ठेवून आतली घाण एकदा धुतली, तर काही हजार किलोमीटरांत ती पुन्हा साचते.

उत्पादक कंपन्यांची भूमिकाही याच दिशेची आहे. जनरल मोटर्सने आपल्या विक्रेत्यांना दिलेल्या तांत्रिक सूचनेत पेट्रोल इंजिनांचे फ्लशिंग करण्याची शिफारस कंपनी करत नाही आणि ऑइल व फिल्टर नियमित बदलले जात असतील तर त्याची गरज नाही, असे स्पष्ट केले आहे. होंडाच्या वाहनपुस्तिकांत ऑइलमध्ये कोणतेही पूरक रसायन मिसळू नये, त्यामुळे इंजिनाच्या कामगिरीवर व टिकाऊपणावर विपरीत परिणाम होऊ शकतो, अशी सूचना असते. ऑइलमध्ये मिसळण्याच्या रसायनांच्या जाहिरातींवर विसंबून राहू नये, याचेही एक उदाहरण नोंदलेले आहे: ‘स्लिक ५०’ हे फ्लशिंगचे नव्हे तर इंजिनाच्या संरक्षणाचे म्हणून विकले जाणारे रसायन होते आणि त्याच्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केल्यावर १९९७ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले.

मग फ्लशिंग कधी करावे?

काही मोजक्या परिस्थितींत फ्लशिंगला अर्थ आहे. हेड गॅसकेट फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळले असेल आणि दुरुस्ती पूर्ण झाली असेल, तर आतले दुधाळ मिश्रण काढण्यासाठी साधे पण नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ चालवणे आणि ते ऑइल लगेच सोडून देणे आवश्यकच असते. झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा किंवा हायड्रॉलिक टॅपेट व्हार्निशमुळे अडखळत असेल आणि तपासणीत दुसरा दोष आढळला नसेल, तर सौम्य, डिटर्जंटप्रधान रसायन एकदा वापरून पाहणे समजण्यासारखे आहे. जुनी गाडी विकत घेतली असून तिच्या सर्व्हिसिंगची नोंद मिळत नसेल, पण टॅपेट कव्हर उघडल्यावर केवळ तपकिरी झाक दिसत असेल, तर एकदा केलेले फ्लशिंग सहसा नुकसान करत नाही.

याउलट टॅपेट कव्हरखाली काळ्या गाळाचे थर दिसत असतील, तर रसायन टाळणेच इष्ट. अशा इंजिनाचे चेंबर उतरवून हाताने साफ करणे, पंपाची जाळी धुणे किंवा बदलणे, पीसीव्ही झडप तपासणे आणि ऑइलचा दाब मोजणे हा खरा उपाय होय. त्यानंतर कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे चांगले ऑइल भरून पहिले दोन-तीन बदल हजार-दीड हजार किलोमीटरांवर, दर वेळी नव्या फिल्टरसह करावेत, म्हणजे ऑइलमधले डिटर्जंट उरलेला गाळ सावकाश विरघळवून बाहेर आणतात. दहा मिनिटांचे काम काही महिन्यांवर पसरवणारी ही पद्धत खर्चिक वाटली, तरी बेअरिंगे गेल्यावर निघणाऱ्या इंजिनाच्या कामाच्या मानाने ती फारच स्वस्त ठरते.

ज्या इंजिनाचे ऑइल नेहमी वेळेवर बदलले गेले आहे, त्याला फ्लशिंगचा सिद्ध झालेला लाभ नाही. हमीकाळातील गाडीत तर वाहनपुस्तिकेत नसलेले रसायन घालून हमीबाबत वाद ओढवून घेण्याचे कारणच नाही. हवेच्या मार्गातील झडपांवर साचणारा कार्बन, इंजेक्टरवरचा थर आणि रेडिएटरमधला गंज यांचा ऑइलच्या फ्लशिंगशी काहीही संबंध नाही, हेही ग्राहकाने ध्यानात घ्यावे, कारण ‘डीकार्बनायझिंग’ आणि ‘फ्लशिंग’ हे शब्द बिलावर अनेकदा सरमिसळ करून वापरले जातात.

वाहनमालकाच्या हातात काय आहे?

मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत रोज तीन-चार किलोमीटरची ये-जा करणाऱ्या गाडीचे इंजिन नीट तापतच नाही, कारण कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. त्यातच वाहतूक कोंडीत इंजिन तासन् तास जागेवर चालते आणि किलोमीटरचा आकडा मात्र पुढे सरकत नाही. बहुतेक वाहनपुस्तिका अशा वापराला ‘कठीण परिस्थितीतील वापर’ मानतात आणि ऑइल बदलण्याचे अंतर कमी करायला सांगतात. भारतात अनेक पेट्रोल गाड्यांसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मर्यादा असते. त्यातली वर्षाची अट कमी चालणाऱ्या गाड्यांचे मालक विसरतात आणि गाळ नेमका अशाच गाड्यांत साचतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकामुळे इंधनातील गंधकाचे कमाल प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले आणि ऑइलवरचा आम्लांचा भार घटला; पण त्याच मानकाच्या अनेक डिझेल गाड्यांत एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळून तो साफ करताना जादा इंधन सोडले जाते आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत त्याचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो. अशा गाडीत डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर त्याचा अर्थ ऑइलमध्ये इंधन मिसळत आहे असा असू शकतो आणि तेव्हा फ्लशिंगपेक्षा ऑइल लवकर बदलणे महत्त्वाचे असते.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग मोकळ्या रस्त्यावर चालवावी, पुस्तिकेत दिलेली जाडी व श्रेणी असलेलेच ऑइल घ्यावे, ऑइलसोबत फिल्टर दर वेळी बदलावा, पीसीव्ही झडप तपासून घ्यावी आणि प्रत्येक बिल जपून ठेवावे. टर्बो असलेल्या गाडीने घाट चढून आल्यावर किंवा भरधाव धावल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद गतीने चालू ठेवावे. या सवयींना बाटलीचा पर्याय नाही.

सर्व्हिस सेंटरने फ्लशिंग सुचवले तर ग्राहकाने तीन गोष्टी विचाराव्यात: वाहनपुस्तिकेत ते कुठे सांगितले आहे, आत गाळ असल्याचे कशावरून ठरवले आणि त्यामुळे बिघाड झाल्यास जबाबदारी कोणाची राहील. उत्तरे समाधानकारक नसतील तर जॉबकार्डावरून ती ओळ काढायला सांगावी. वस्तू व सेवांचा दर्जा, प्रमाण आणि किंमत जाणून घेणे हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने ग्राहकाला दिलेला हक्क आहे आणि न सांगता केलेल्या कामाची रक्कम बिलात लावली गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. सुस्थितीतल्या इंजिनाला फ्लशिंगची गरज नाही, गाळाने भरलेल्या इंजिनाला ते धोक्याचे आहे आणि या दोहोंच्या मधल्या थोड्या इंजिनांना तपासणीनंतरच ते उपयोगी पडू शकते. वाहनमालकाने फ्लशिंगवर जाणारा पैसा वेळेवर बदललेल्या चांगल्या ऑइलवर खर्च करावा.